घसा न खाकरता

३ जानेवारी

राणी,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, तेव्हा शोधत बसू नकोस. फोन करणार नाही, कारण तुझा आवाज मला ऐकायचा नाही. लोक तो पैसे मोजून ऐकतात, मला फुकट मिळतो, तरी नको. कार्टूनमधल्या खारीचा आवाज काढतेस, बेडकाचा काढतेस, काढ बापडी. त्यावर तुझं पोट आहे. पण परवा फोनवर तू आईचा आवाज काढलास. तोही धडधाकट आईचा नाही, आजारपणातल्या आईचा. जीभ जड झालेली, ओठ एका बाजूला ओघळलेला, ‘ताई’ म्हणायला गेलं की ‘था...ई...’ होणारा.

लाज नाही वाटली?

मी काय सांगायला फोन केला होता, तर माझं कोलेस्टेरॉल वाढलंय. दोनशे साठ. आईला ज्या झटक्याने आडवं केलं तोच माझ्याही मागे लागेल, अशी भीती वाटली म्हणून सख्ख्या बहिणीला फोन केला. तर तू हसलीस. म्हणालीस, “ताई, तुला पहिल्यापासून सगळंच साठवून ठेवायची सवय.” तेही मी गिळलं. मग क्षणभर गप्प झालीस आणि लगेच ती नक्कल. मी म्हटलं, “राणी, बंद कर.” तू चालूच. मग काहीतरी धाडकन वाजलं आणि मीही फोन आपटला.

तुझा रिपोर्ट मला आठवतोय. मागच्या वर्षी फोटो काढून पाठवला होतास, सगळ्या आकड्यांपुढे नॉर्मल, नॉर्मल, आणि खाली हसऱ्या तोंडाचं चित्र. तू पावावर बोटभर लोणी थापतेस, रात्री-बेरात्री तळलेलं चापतेस, आणि तुझं रक्त म्हणजे अगदी झऱ्याचं पाणी. मी गेली दहा वर्षं साय काढलेल्या दुधाचा पाणचट चहा पितेय आणि माझ्या रक्तात लोण्याचा डबा उपडा झालाय. हा कुठला न्याय, सांग.

होय, जळते मी तुझ्यावर. लपवून काय करू? लहानपणी आई तुला ‘माझी राणी’ म्हणायची आणि मला ‘माझी शहाणी’. राणीला फ्रॉक मिळायचा, शहाणीला समजूत. तू शेजारणीची नक्कल केलीस की सगळं घर तुला डोक्यावर घ्यायचं, आणि तू माझी नक्कल केलीस की आईच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं. मान अशी तिरकी करून, ओढणी झटकून, ‘माझं कोण ऐकतंय म्हणा’. मी रडले तेव्हा कुठे तू शपथ घेतलीस की पुन्हा माझी नक्कल करणार नाही. ती पाळलीस, तेवढं मान्य. पण आईची केलीस.

आई अंथरुणावर होती तेव्हा तिचं सगळं मी केलं. चमच्याने भरवलं, कूस बदलली, पाठीला पावडर लावली. तू यायचीस पाहुणीसारखी, बिस्किटांचे डबे घेऊन, आणि डॉक्टरांची नक्कल करायचीस. आई अर्ध्या तोंडाने का होईना, पण हसायची. माझ्यासाठी ती फक्त तोंड उघडायची. घास घ्यायला.

असो. माझं कोण ऐकतंय म्हणा.

ताई


२१ जानेवारी

राणी,

तुझं उत्तर मिळालं. काय ते अक्षर! कोंबडीने पाय फिरवावेत तसं. गडबडीत लिहिलंस, हे कळलं. माझ्यासाठी तुला वेळ नसतोच.

लिहितेस की तू नक्कल केलीच नाहीस. तू बोलत होतीस नेहमीसारखी आणि मला ऐकायला वेगळं आलं असेल. मग फोन हातातून निसटला, पडला, आणि उचलेपर्यंत मी ठेवून दिला होता. वा गं वा! म्हणजे माझ्या कानांचा दोष. दोन वर्षं मी तो आवाज उठता-बसता ऐकला, तो मला कळणार नाही? आणि शेवटी वर ‘ताई, तू आजकाल फार संशयी झालीयेस, तब्येतीला जप’. नाकाने कांदे सोलणं तुझ्याकडून शिकावं.

तुझे लाडके भाऊजी तुझीच बाजू घेतात, नेहमीप्रमाणे. “अगं, खरंच पडला असेल फोन.” यांनीच तर आमच्या फ्रेमच्या दुकानात तुझा मोठा फोटो लावलाय. फ्रेमसुद्धा कुठली निवडली, तर सोनेरी कोरीव, जी आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतानाही दोनदा विचार करतो. पट्ट्या मी कापल्या, कोपरे मी जुळवले, काच मी पुसली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, ही कोण? मी म्हणते, माझी धाकटी बहीण. ते फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “हो का?” त्या ‘हो का’ने अंगाचा तिळपापड होतो.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. गोळी सुरू केली त्यांनी. शिवाय म्हणाल्या, तुमच्या आईला झटका आला होता, तेव्हा नुसत्या कोलेस्टेरॉलवर थांबायला नको, रक्तातल्या एका एन्झाइमची तपासणीही करू. मी म्हटलं, हे आणि काय नवीन? तर म्हणाल्या, कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तात चरबी किती फिरतेय ते. आणि हे एन्झाइम जास्त जोरात असलं, तर रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून सूज असण्याची शक्यता असते. ती भिंत कधी फुटेल, रक्ताची गुठळी कधी सुटेल आणि मेंदूत जाऊन अडकेल, नेम नाही. चरबी बेताची असूनही भिंत आतून धुमसत असू शकते.

मला लगेच कळलं. आमच्याकडे येतात ना जुने फोटो, समोरून काच लख्ख, चेहरा हसरा, आणि उलटं करून पुठ्ठा काढला की मागे ओल. मी तसं म्हटल्यावर बाई हसल्या. मग विचारलं, “तुम्हाला भावंडं आहेत?” म्हटलं, एक बहीण आहे, तिचं सगळं नॉर्मल असतं. “तरी तिलाही सांगा तपासायला,” म्हणाल्या.

बघ, दवाखाना माझा, सुई मला टोचली, रक्त माझं, आणि विचारपूस तुझी.

सांगायचं काम मी केलं. बाकी तू आणि तुझं नॉर्मल.

ताई


२ फेब्रुवारी

राणी,

आज मी तुला हरवलं!

माझं एन्झाइम आलं. अगदी खालच्या बाजूला, चांगल्यातलं चांगलं. बाईंनी सांगितलं तेव्हा खुर्चीतून उडी मारायचंच काय ते बाकी राहिलं होतं. म्हटलं, आयुष्यात एका तरी रकान्यात आपण पास झालो. पहिली गोष्ट मनात काय आली असेल? आता हिला फोटो पाठवते, खाली हसऱ्या तोंडाचं चित्र काढून. बाईंनी लगेच जमिनीवर आणलं. “कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची नाही, तेही धोक्याचंच आहे.” बरं बाई, नाही सोडत.

मग त्यांनी आईबद्दल विचारलं. म्हणाल्या, मोठ्या झटक्याच्या आधी त्यांना बारीकसारीक काही झालं होतं का? काही मिनिटं जीभ जड होणं, बोलणं बोबडं होणं, हातातली वस्तू निसटणं, आणि मग जसं काही झालंच नाही असं सगळं ठीक?

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. आई आडवी झाली त्याच्या आधी, त्याच महिन्यात, तिच्या हातातून कपबशी पडली होती. उजव्या हातातून. ती काहीतरी बोबडं बोलली आणि आपण दोघी हसलो. आईसुद्धा नंतर हसली, म्हणाली, “म्हातारी झाले गं.” तुकडे मीच गोळा केले.

“त्या माणसाला ते बऱ्याचदा कळतच नाही,” बाई म्हणाल्या. “आपण नेहमीसारखंच बोललो असं वाटतं. ऐकणाऱ्याला कळतं.”

राणी, तिथून घरी कशी आले ते मला माहीत नाही. आल्या आल्या तुझं पत्र काढलं. ‘मी नेहमीसारखीच बोलत होते.’ ‘फोन हातातून निसटला.’ आणि ते अक्षर. अगं, शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस तूच घ्यायचीस ना दरवर्षी, मी दात-ओठ खायचे, मला ठाऊक नाही का तुझं अक्षर?

मी फोन लावतेय तर तो लागतच नाही. यांच्या फोनवरून रिंग जाते, पण तू उचलत नाहीस. म्हणजे मला ब्लॉक केलंयस. कर. पण हे वाचताक्षणी ऊठ आणि डॉक्टरकडे जा. नीट सगळं सांग, फोनचं सांग, जिभेचं सांग, आईचं सांग. ते एन्झाइम बघायला सांग. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायला सांग. नुसता जुना रिपोर्ट नाचवू नकोस.

तुला वाटेल ही जळून बोलतेय. जळतेच आहे. पण जा.

ताई


६ फेब्रुवारी

राणी,

यांनी तुला फोन केला. तू उचललास. आणि काय म्हणालीस ते यांनी आधी सांगितलंच नाही, दिवसभर फ्रेमच्या खिळ्यांशी खेळत बसले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. “ताईला म्हणावं, माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. माझं काही चांगलं असलं की तिला बघवत नाही. आता तिला मी आजारीच हवी आहे.”

लागलं मला. खोटं कशाला सांगू, खूप लागलं. कारण निम्मं खरं आहे. नाही बघवत मला. तुझी कंबर बघवत नाही, तुझे न पिकणारे केस बघवत नाहीत. तू दुकानात पाय ठेवलास की यांचा चेहरा खुलतो, ते बघवत नाही. आई शेवटच्या दिवसांत दाराकडे बघायची ती तुझ्यासाठी, ते तर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एकदा तिने मलाच ‘राणी’ म्हणून हाक मारली. मी ओ दिली. काय करणार?

पण राणी, जरा डोकं चालव. तुझ्यावर माझ्याइतकी नजर कुणी ठेवली असेल? प्रेम करणारी माणसं काय, ती डोळे झाकून टाळ्या वाजवतात. मी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तू कुठे चुकतेस ते शोधत बसायचे. तू एवढ्याशी होतीस तेव्हापासून तुझी प्रत्येक नक्कल मी दाराआडून बघितलीय, की हिला एवढं कसं जमतं, आणि मला का नाही. त्यामुळे मला एक गोष्ट माहीत आहे जी तुझ्या कुठल्याही चाहत्याला माहीत नसेल. कदाचित तुलाही नसेल.

नक्कल करण्याआधी तू घसा खाकरतेस.

दरवेळी. शेजारीण असो, डॉक्टर असोत, मी असो. अगदी हलकंसं, दोनदा. मग श्वास घेतेस आणि मग दुसरा आवाज येतो. आईच्या खोलीतलं ते खाकरणं मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला कळायचं, आता आई हसणार.

त्या दिवशी फोनवर तू खाकरली नाहीस. तू आधी गप्प झालीस आणि मग तो आवाज आला. ती नक्कल नव्हती, राणी. मी रागाच्या भरात तेवढं ध्यानात घेतलं नाही. माझे कान तुझ्यावर जळण्यात एवढे गुंतलेले की मला ‘नक्कल’ ऐकू आली. दुसऱ्या कुणी तोच आवाज ऐकला असता तर घाबरून दवाखान्यात नेलं असतं.

हे पत्र कुरियरने जातंय, उद्या मिळेल. मी परवा सकाळी पोचते. तिकीट काढलंय, वरचा बर्थ मिळालाय, माझे गुडघे तुला माहीत आहेत, तेव्हा मी गंमत करत नाही हे समज. त्याआधी तू डॉक्टरकडे जाऊन आलीस तर मी स्टेशनवरूनच मागे फिरेन, तोंडसुद्धा दाखवणार नाही. नाही गेलीस तर केसांना धरून नेईन. न पिकणाऱ्या.

ताई


२३ फेब्रुवारी

राणी,

सुखरूप पोचले. परत वरचाच बर्थ.

तू झोपलेली असताना निघाले, म्हणून हे लिहितेय. नाहीतरी आपण समोरासमोर आलो की भांडतोच. दहा-बारा दिवस तुझ्याकडे काढले, त्यात नळ नीट बंद करण्यावरून झालं, उशीवरून झालं आणि दवाखान्यातल्या त्या नर्सवरून तर झालंच. ती मला तुझी आई समजली. “आईंना बाहेर बसू द्या,” म्हणाली! चार वर्षांनी मोठी आहे मी तुझ्याहून, चार. आणि तू, मानेला टाके पडायचे होते, तरी हसलीस.

तू दार उघडलंस तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. हातात माझं पत्र, केस विस्कटलेले, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलं वाक्य काय, तर “ताई, मी खरंच खाकरते?” पत्र वाचून तू स्टुडिओत विचारून आली होतीस. तुझा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “मॅडम, इतकी वर्षं मी तेच तर कापतोय प्रत्येक टेकमधून.” मग तू दाराच्या चौकटीला टेकलीस आणि म्हणालीस, “मग मी त्या दिवशी काय केलं?” उजवा हात दोनदा मिटलास आणि उघडलास. पिशवीसुद्धा आत ठेवली नाही मी. तशीच रिक्षा केली.

तुझ्या डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं ते मला अजून दिसतंय. मानेतली डावी वाहिनी, बोलण्याच्या बाजूची, आत एवढीशी फट उरलेली. कोलेस्टेरॉल नॉर्मल. आणि ते एन्झाइम, बाई गं, कुठल्या कुठे. डॉक्टर म्हणाले, असा आकडा ते क्वचित बघतात. म्हणजे तिथेही तूच पहिली आलीस. माझ्या उभ्या आयुष्यात तुझा हा एकच पहिला नंबर मला नको होता. कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले मी. तुला सांगितलं होतं की चहा प्यायला गेले होते.

ऑपरेशन होऊन वाहिनी साफ झाली, टाके निघाले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, धोका कमी झालाय, संपलेला नाही. जीभ जरा जरी अडखळली, हात जरा जरी सुन्न झाला, तर ‘जाईल आपोआप’ म्हणून बसायचं नाही, त्याच मिनिटाला निघायचं. आणि आमच्या बाईंचं वाक्य लक्षात ठेव, ते त्या माणसाला कळत नाही. ऐकणाऱ्याला कळतं.

तू एकटी राहतेस. तुझं बोलणं ऐकणारं कोण आहे घरात? स्टुडिओतले ऐकतात ते बेडूक आणि खारी. त्यांना काय कळणार तुझी जीभ जड झाली की बेडकाची? गाडीत पडल्या पडल्या मी हाच विचार केला. मला तुझ्याकडे येऊन राहता येणार नाही, दुकान आहे, हे आहेत. आणि तू इकडे यायची नाहीस, आलीस तर आठवड्यात एकमेकींचे गळे धरू.

तर आता ऐक. लहानपणी तू घेतलेली शपथ आज मीच मोडून टाकतेय. रोज सकाळी मला फोन करायचा आणि माझी नक्कल करायची.

हसू नकोस. तू नेहमीसारखं ‘हॅलो ताई, कशी आहेस’ म्हणालीस तर मला काही समजणार नाही, त्यात तू नेहमी अर्धे शब्द गिळतेस. पण माझी नक्कल तू हुबेहूब करतेस. तो ओढून धरलेला ‘म्हणा’, मध्ये घेतलेला तो रडवेला श्वास, सगळं. त्यात केसभर जरी फरक पडला तरी मला कळेल. मला जे काही येत नाही ते सोड, पण तुझ्यातली खोट काढणं मला फार छान येतं. जन्मभर तेच केलंय, आता त्याचा उपयोग होऊ दे.

हे विचारत होते, रोज स्वतःची नक्कल ऐकून तुला राग नाही का येणार? म्हटलं, येईल ना. भरपूर येईल. दिवसभर पुरेल. ज्या सकाळी राग आला नाही, त्या सकाळी मी गाडी पकडेन.

तुझा फोटो मी खाली काढला होता, जानेवारीत, तुला सांगितलं नव्हतं. काल परत लावला. आधी उलटा करून मागचा पुठ्ठा काढून बघितला. कोरडा आहे. काच पुसली. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, ही कोण, आणि मी सांगितल्यावर म्हणालं, “हो का?” तिळपापड झाला. बरं वाटलं.

माझा नंबर ब्लॉकमधून काढ. उद्या सकाळी, दुकान उघडायच्या आधी. आधी घसा खाकर, दोनदा, मला ऐकू आलं पाहिजे. मग म्हण, ‘माझं कोण ऐकतंय म्हणा.’

ताई